उरलेला अर्धा डोंगर

खनिज खात्याच्या दगडगोदामात चार हजार पेट्या होत्या आणि त्यांची मालकीण एकच, दगडवहिनी. कागदोपत्री ती साधी भांडारपाल. पण बॅटरीला लागणाऱ्या खनिजाच्या शोधात डोंगराला भोकं पाडून काढलेली दगडाची कांडी न् कांडी तिनंच करवतीवर उभी चिरली होती. अर्धी तपासणीला, अर्धी पेटीत, असा नियम. उद्या कुणी खोटं बोललंच, तर पडताळायला काहीतरी हाताशी असावं, एवढं साधं शहाणपण त्यामागे होतं.

तपासणीचे अर्धे एका बड्या देशानं नेले आणि कळवलं, ‘विशेष काही नाही.’ आता त्या देशाचा हाडवैरी, दुसरा बडा देश, उरलेले अर्धे न्यायला ट्रक घेऊन दारात उभा होता. हुकूम घेऊन आलेला उपसंचालक तिचा धाकटा दीर. लहानपणी त्याचा शेंबूड तिनं पुसलेला, त्यामुळे त्याच्या हुद्द्याचा धाक तिला बेताचाच.

“वहिनी, सगळ्या पेट्या द्यायच्यात. सोमवारी करार आहे.”

“विशेष काही नाही ना त्यात? मग नुसत्या दगडांसाठी हे ट्रक घेऊन कशाला आलेत?”

“ते मोठ्यांचं राजकारण आहे.”

“आपली प्रयोगशाळा पुढच्या महिन्यात सुरू होतेय. डोंगरात काय आहे ते आधी आपण बघू, मग खुशाल विका. एक अर्धा गेला त्याचं दुःख नाही रे, काळ सोकावतोय.”

दारातून पाहुण्यांच्या दुभाष्यानं घड्याळ दाखवलं. दिरानं आवाज खाली आणला. “नाही दिल्यात तर तुम्हाला निलंबित करावं लागेल मला. पेन्शन दोन वर्षांवर आलीय. हट्ट सोडा.”

घरी नवरा, म्हणजे ह्याचाच थोरला भाऊ, अंथरुणाला खिळलेला. पण त्या काळजीहून तिला राग जास्त आला. डोंगर आपला, तो आंदण देणार हे, आणि आज्ञाभंग आपला!

“लिही,” ती म्हणाली. “आणि कारणही लिही. ह्या बाईनं देशाचा दगड परक्याला दिला नाही.”

त्यानं मान खाली घालून ‘आज्ञाभंग’ एवढंच लिहिलं. तिनं झोकात सही ठोकली आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे आपटला.

“आता चार्ज घ्या, साहेब.” आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला साहेब म्हणाली. “एकेक पेटी उघडायची, कांड्या नोंदीशी ताडायच्या, दोघांनी सही करायची. चार्ज पुरा होईस्तोवर गोदामातून खडासुद्धा हलत नाही. नियमावर सही तुमचीच आहे. दिवसाला पन्नास पेट्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी, म्हणजे ऐंशी दिवस.”

दीर बाहेर जाऊन दुभाष्याला नियम सांगून आला. पाहुण्यांचा चढलेला आवाज आतपर्यंत आला, पाठोपाठ वरून फोन वाजायला लागले. आता त्याचीही खुर्ची डळमळणार होती.

त्यानं फोन बंद करून खिशात टाकला, बाह्या सारल्या आणि स्टूल ओढलं.

“पेटी क्रमांक एक,” ती म्हणाली.

त्यानं पहिली कांडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरून चारही अंगांनी निरखली.

“वहिनी,” तो म्हणाला, “पन्नास फार होतात. तीसच करू.”