आपल्यातल्याच ना?

वाघोलीच्या एका चौदा मजली सोसायटीत तळमजल्यावर दीपालीमॅडमचा प्लेग्रुप भरायचा. नऊला पोरं यायची, साडेनऊपर्यंत रडारड, दहाला गाणी, अकराला खाऊ. भिंतीवर हत्ती होते, फुलपाखरं होती आणि जगातल्या सगळ्या रंगांची मुलं हातात हात घालून उभी होती. पालक बहुतेक आयटीतले. ही भिंत बघूनच ते प्रवेश घ्यायचे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र एक कानतुटका कप असायचा. तो मालनबाईंचा, पोरांच्या मावशीचा. मालनबाई फरशी पुसायच्या, पोरांच्या भरलेल्या चड्ड्या धुवायच्या आणि चहा त्या कपातून घ्यायच्या. कप स्वतः विसळून परत खिडकीत ठेवायच्या. बाकी सगळ्यांचे कप कपाटात. असं करा म्हणून सांगितलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. सुशिक्षित घरांत अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

पूर्णिमा मोरे तिथली मदतनीस. मांजरी गावाहून स्कूटीवर यायची. चार वर्षांपूर्वी मुलाखतीत मॅडमनी आडनाव ऐकून हसत विचारलं होतं, "मोरे म्हणजे आपल्यातल्याच ना?" आणि ती पटकन "हो" म्हणून गेली होती. तसं पाहिलं तर मोरे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत आणि आणखीही पुष्कळांत आहेत. पण त्या एका 'हो'मुळे तिचा कप कपाटात गेला आणि जिवाला कायमचा घोर लागला. बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून आईने नाव पूर्णिमा ठेवलेलं. मॅडमनी विचारलं तेव्हा तिने कोजागिरी सांगितली. वैशाखात पोटदुखीचं निमित्त करून ती रजा घ्यायची. त्यात एकदा विहारात वंदनेला आलेल्या मालनबाईंनी तिला पांढऱ्या साडीत पाहिलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असं धरूनच ती कामावर आली. मालनबाई एवढंच म्हणाल्या, "ताई, बादली सरकवता का जरा?" त्यांनी पुढे कधी त्यातलं अवाक्षर काढलं नाही, आणि पूर्णिमाला त्याचीच जास्त लाज वाटायची.

लॉकडाऊन उठल्यावर मॅडमनीच विषय काढला. "पालक आता डिप्लोमा विचारतात हो. ऑनलाइन करून टाका. पास झालात की छोटा गट तुमचा." वर्षभराचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम, शनिवारी दुपारी मोबाईलवर वर्ग. पूर्णिमाला हरखून जायचं होतं. बारावीनंतर लग्न होऊन आलेली बाई ती. 'शिक्षिका' हा शब्द तिने मनातल्या मनात कितीदा स्वतःच्या नावापुढे लावून पाहिला होता. पण पहिली धडकी भरली ती कॅमेऱ्याची. घरात समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. ती कोपऱ्यात, कपाटाला पाठ लावून बसू लागली.

एका शनिवारी सासू सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "तितं अंधारात कशापायी बसतीस? हितं फोटूखाली उजेड हाय की."

"रेंज इथेच येते, आई."

"व्हय? रेंजला बी जात असती म्हणायची."

पूर्णिमाने घाईघाईने माइक बंद आहे ना, ते तीनदा तपासलं.

अभ्यासक्रमात एक निरीक्षण वही असायची. मुलं खेळताना बघायचं आणि दिसेल तेच लिहायचं, आपली मतं घालायची नाहीत. पानांना छापील क्रमांक होते, म्हणजे पान फाडायची सोय नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती वही घेऊन भातुकलीच्या कोपऱ्यात बसली. शर्वी नावाची चार वर्षांची गोड पोरगी घर मांडत होती. तिने चार बाहुल्या बसवल्या, चौघींपुढे चार कप ठेवले. पाचवा कप उचलून ती खिडकीपाशी गेली, टाचा उंच करून तो कठड्यावर ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "हा मावशीचा. ह्याला हात नाही लावायचा." एका मुलाने लावला. शर्वी त्याला ओढत बेसिनकडे घेऊन गेली आणि त्याचे हात साबणाने धुवायला लावले. वर हात धुण्याचं गाणंही म्हटलं. ते गाणं पूर्णिमानेच शिकवलेलं होतं.

मालनबाई तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सरावाने पूर्णिमाने सगळं लिहून काढलं, पान सतरा, आणि मग भानावर येऊन वही मिटली. दुसऱ्या दिवशी पान अठरावर तिने लाल-निळ्या ठोकळ्यांचं एक निरुपद्रवी निरीक्षण लिहिलं. परीक्षेत तेच वाचायचं ठरवलं.

परीक्षा प्लेग्रुपमध्येच, पोरांसमोर, मोबाईल स्टँडवर लावून. पडद्यावर पिकल्या केसांच्या परीक्षक बाई, बाजूच्या खुर्चीवर दीपालीमॅडम. वीस मिनिटांचा पाठ झकास झाला. मॅडमनी अंगठा दाखवला. आता ठोकळे वाचले की संपलं.

"निरीक्षण वहीतलं एक पान वाचा," परीक्षक म्हणाल्या. "ज्या पानाने तुम्हाला झोप लागू दिली नाही, ते."

पूर्णिमाने पान अठरा उघडलं. दारात मालनबाई फडकं घेऊन उभ्या होत्या, शर्वी समोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ताई आता गोष्ट सांगणार असा भाव होता. ह्या पोरीला आपण काय काय शिकवलं, हे त्या क्षणी पूर्णिमाला फार लागलं. तिने एक पान मागे उलटलं आणि वाचलं.

"मग तुम्ही काय केलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कसली?"

"नेटवर्क जरा प्रॉब्लेम देतंय," म्हणत दीपालीमॅडम मोबाईलकडे झेपावल्या.

"नेटवर्क छान आहे, मॅडम," पूर्णिमा म्हणाली. आवाज आपलाच आहे की काय, असं तिला वाटलं. "मी बौद्ध आहे. मालनबाईंचा कप खिडकीत आहे आणि माझा कपाटात, कारण चार वर्षांपूर्वी मी एका प्रश्नाला 'हो' म्हणाले. खरं बोलले असते तर खिडकीत दोन कप असते. त्याची भीती."

ती उठली. खाऊची परात घेतली आणि मालनबाईंच्या हातात दिली. "आज खाऊ तुम्ही वाटा."

मालनबाई कचरल्या, मग वाकल्या. पोरांनी हात पुढे केले. पोरांना राजगिऱ्याच्या वडीशी मतलब. शर्वीनेही हात पुढे केला, पण वडी घ्यायच्या आधी तिने मॅडमकडे पाहिलं.

"शर्वी, इकडे ये बेटा," मॅडम म्हणाल्या.

पोरीने हात मागे घेतला. मोबाईल चालूच होता.

सोमवारी मॅडमनी पूर्णिमाला आत बोलावलं. "अहो, मी असलं काही मानतच नाही. पण पालकांचं बघावं लागतं. आणि तुम्ही खोटं बोललात, ते मला फार लागलं." पूर्णिमाने आपला कप कपाटातून काढून पिशवीत घातला. फाटकापाशी मालनबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही सुटलात. माझा हाय तितंच हाय."

प्रमाणपत्र आलं. सुंदराबाईंनी ते फोटोखाली खिळा ठोकून लावलं. जूनमध्ये त्याच भिंतीखाली सतरंजी टाकून पूर्णिमाने बालवाडी उघडली. सुरुवातीला गल्लीतली सहा पोरं. फळीवर एकाच नमुन्याचे दहा कप.

भीती गेली म्हणाल, तर मुळीच नाही. गेल्या आठवड्यात, उसाचं शेत मोडून उभ्या राहिलेल्या नव्या बिल्डिंगमधली एक बाई आली. प्रमाणपत्र दारातूनच निरखून वाचलं, खूश झाली. लेकीचा हात धरून उंबऱ्यातच उभी राहिली आणि आवाज थोडा खाली आणून हसत म्हणाली, "मोरे म्हणजे आपल्यातल्याच ना?"

पूर्णिमाने पदराने तळहात पुसले.

"नाही," ती म्हणाली. "मी बौद्ध. आणि इथे सगळ्यांचे कप एकाच फळीवर असतात. ठेवताय मुलीला?"

मुलगी हात सोडवून घ्यायला धडपडत होती, आत ठोकळे दिसत होते. आईने हात सोडला नाही, मागेही ओढला नाही. ती उंबऱ्यात उभी आहे. तिला नावं ठेवायची घाई करू नका, वाचकहो. नीट बघा तिच्याकडे. ती आपल्यातलीच आहे.