बदामीचं पाणी

माझं खरं वय ओळखायचं असेल, तर मित्रांनो, मला पालथा घाला. वरून मी अजून चकचकीत दिसतो. बुडाला मात्र ओरखडे आहेत आणि काठावर दातांच्या खुणा. मी कुत्र्यांना पाणी पाजणारा एक जुना स्टीलचा वाडगा आहे.

कारखान्यात एका यंत्रानं दणका देऊन सपाट पत्र्यातून मला खोलगट केलं. दुसऱ्यानं माझा काठ बाहेरच्या बाजूला दुमडला, कुणाची जीभ कापू नये म्हणून. तो दुमडलेला काठ लक्षात ठेवा.

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे काका म्हणत. ते कुत्र्यांची पैदास करत, पण मोजकीच. रोज सकाळी साबण लावून, काठाखाली नख घालून ते मला घासत. बदामी तिथेच जन्मली. तिच्या रंगावरून हे नाव त्यांनीच ठेवलं. लहानपणी ती माझ्यात तोंडावर पडायची आणि शिंकत उठायची. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

काका गेले आणि कारभार पुतण्याकडे आला. त्याला शेठ म्हणवून घ्यायला आवडायचं. कुत्री वाढली, जागा तेवढीच राहिली. मागच्या शेडमध्ये जाळीच्या पिंजऱ्यांवर पिंजरे चढले. आठवण झाली तर मी भरला जायचो, नाहीतर कोरडाच. तेव्हा बदामी माझा काठ चावत बसायची. त्या खुणा तिच्याच आहेत. एका वेताची पिल्लं विकली गेली की तिचं दुसरं वेत ठरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, "आता पुरे करा. आणखी एका वेतात ही वाचणार नाही." शेठ म्हणाला, "बघू."

गिऱ्हाईक यायचं असलं की शेठची एक रीत होती. पुढच्या खोलीतली फरशी फिनेलनं लख्ख व्हायची, पिल्लांना आंघोळ मिळायची, आणि त्या फरशीवर कुणी मुतू नये म्हणून सकाळपासून एकाही कुत्र्याला पाणी मिळायचं नाही. मला आतून फडकं मारून, काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवत. नुसता दिसायला. लोक म्हणत, "किती स्वच्छता!" ही स्तुती मला फार बोचायची.

त्या दुपारी एक सासरे आणि त्यांची सून आली. सून एका ऑफिसचं कॅन्टीन चालवायची. घरी दिवसभर एकटे पडणाऱ्या सासऱ्यांना सोबत हवी होती. पिल्लू मांडीवर आलं आणि बाबा तिथेच विरघळले.

"सूनबाई, हेच. बघ कसं माझ्या बटणाला लटकलंय."

"बाबा, तुम्ही बाजारात पहिल्याच गाडीवर भाजी घेता. जरा दम धरा." मग ती शेठकडे वळली. "याची आई बघायचीये."

"आई झोपलीये हो ताई."

"मग उठेपर्यंत बसतो. आम्हाला घाई नाही."

शेठचा नाइलाज झाला. त्यानं बदामीला घाईघाईनं विंचरून, पावडर लावून आणलं. तिनं पिल्लाकडे पाहिलं नाही, माणसांकडे पाहिलं नाही. थेट माझ्याकडे आली आणि प्यायला लागली. पाणी संपलं तरी ती थांबेना. कोरडं बूड चाटत, मला फरशीवरून ढकलत, खडखडत भिंतीपर्यंत घेऊन गेली. पिल्लाच्या पाठीवरून फिरणारा बाबांचा हात थांबला.

"उन्हामुळे हो," शेठ हसला आणि मला उचलायला वाकला. पण सूनबाई आधी पोहोचली.

"मी भरून आणते. नळ मागेच असेल ना?"

"तुम्ही कशाला? पाहुण्या तुम्ही."

"माझा दिवस भांडी उचलण्यातच जातो."

बोलता बोलता तिचा अंगठा सवयीनं माझ्या काठाखालून फिरला. कॅन्टीनमधलं प्रत्येक भांडं ती तसंच तपासायची. अंगठ्याला हिरवा, बुळबुळीत थर आला. तिनं तो हुंगला. मला धास्ती वाटली. आता ही अंगठा पुसून टाकेल आणि विषय सोडून देईल. आजवर कितीतरी जणांनी सोडला होता.

तिनं अंगठा पुसला नाही. "बाबा, पिल्लू खाली ठेवा," असं म्हणून तिनं कोपरानं मागचं दार लोटलं.

आतल्या वासानं तिचे डोळे चुरचुरले. खिडकी नव्हती. वरच्या पिंजऱ्यातली घाण जाळीतून खालच्या कुत्र्यांच्या अंगावर पडत होती. कुणाला वळायलाही जागा नव्हती. एकही कुत्रं भुंकलं नाही. सगळी तिच्या हातातल्या माझ्याकडे बघत होती.

ती मला भरत गेली आणि एकेका पिंजऱ्यात ठेवत गेली. शेठ मागे मागे. "आज साफसफाईवाला आला नाही हो. पिल्लू तसंच घेऊन जा ना, हवं तर."

"आणि तिला लगेच पुढच्या वेताला लावा? तिची आचळं बघा. सुकायला उसंत मिळालेली नाही." तिनं तिथूनच प्राण्यांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला.

शेठ बाहेर गेला आणि हलक्या आवाजात ड्रायव्हरला म्हणाला, "टेम्पो लाव. कुत्री काढायचीत." बाबांनी ते ऐकलं. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढत नेली, फाटकाच्या मधोमध ठेवली आणि बसले. दुसरा रस्ता नव्हता.

पिंजरे टेम्पोत चढले. टेम्पो फाटकाशी आला.

"आजोबा, उठा," ड्रायव्हर म्हणाला.

"उठलो असतो रे. पण गुडघे धरलेत. एकदा बसलो की सून उठवेपर्यंत उठता येत नाही."

हॉर्न वाजत राहिला. टेम्पो इंचाइंचानं पुढे सरकत बाबांच्या गुडघ्यांना टेकला. सूनबाई मला हातात घेऊन धावत आली आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. बाबांची खुर्ची हलली नाही. ड्रायव्हरनं शेठकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि इंजिन बंद केलं. त्यानंतर बऱ्याच वेळानं सरकारी जीप आली.

कुत्री सोडवली गेली, शेडला टाळं लागलं. औषधपाणी झाल्यावर बदामी बाबांच्या या घरी आली. ते पिल्लूही आलं, कारण बाबांनी ते खाली ठेवलंच नव्हतं. फाटकात बसले तेव्हाही ते त्यांच्या सदऱ्यात होतं. मी सूनबाईच्या हातात होतो, तो तसाच आलो.

मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा पिल्लाकडे बघून काही कळत नाही, ते गोडच असतं. त्याची आई बघा. ती झोपते ती जागा बघा, आणि दाखवली नाही तर उठून या. पाण्याच्या वाडग्याच्या काठाखाली बोट घाला. आणि घरी आणलंत, तर तो वाडगा कधी कोरडा पडू देऊ नका.

इथे आल्यावरही बदामी कितीतरी दिवस सगळं पाणी संपवून मला भिंतीपर्यंत ढकलायची. सूनबाई मला पुन्हा भरायची. आज सकाळी बदामी आली, चार घोट प्यायली आणि बाबांच्या खुर्चीखाली जाऊन झोपली.

"सूनबाई, इकडे ये," बाबा हळूच म्हणाले. "हिनं पाणी उरवलंय."