बिनफर्माइशीचं

रामकिसननं क्लॅरिनेटचे तुकडे जोडले, काढले, पुन्हा जोडले.

"आबा, बसलं ते. किती वेळा जोडून राह्यले?" प्रीती म्हणाली. ती त्याची नात. ड्रमच्या पायाखाली पुठ्ठा सारून ती तो हलतो का बघत होती.

"थंडीत ढिलं होतं."

"मे महिना हाय, आबा."

रामकिसननं पडद्याच्या फटीतून खुर्च्या पाहिल्या. शंभर मांडल्या होत्या, चाळीसेक भरल्या होत्या.

जाफराबादच्या समाजमंदिरात दर रविवारी जॅझ शिकवणारी 'मोकळा सूर' नावाची संस्था आहे, हे गावातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्यांना त्याचं हसू यायचं. संस्था बुद्धभूषणची. पोरगा इथलाच. पुण्यात नोकरीला असताना हे संगीत त्याच्या डोक्यात शिरलं आणि तो नोकरी सोडून गावी आला. पहिल्याच दिवशी त्यानं रामकिसनला गाठलं होतं. "काका, हे गुलामांच्या नातवंडांनी घडवलेलं संगीत हाय. त्यांचाबी बँडच होता. मयतीला वाजवायचा, मिरवणुकीला वाजवायचा."

रामकिसनला ते लगेच पटलं. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरेना. या संगीतात प्रत्येकाची एक वेळ येते. बाकीचे आवाज कमी करून मागं सरकतात आणि त्यानं स्वतःचं काहीतरी वाजवायचं असतं. तिथल्या तिथं सुचलेलं. कुणी न सांगितलेलं.

कुणी न सांगितलेलं रामकिसननं जन्मात वाजवलं नव्हतं. त्याच्या बापानं धर्मांतराच्या साली हलगी विहिरीत टाकली होती. आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही म्हणून. त्याच बापाचं पोरगं मोठं होऊन लग्नाच्या बँडमध्ये गेलं. बाप दोन वर्षं बोलला नाही. पस्तीस वर्षं रामकिसन घोड्यापुढं चालला. नवरदेवाचा मामा म्हणेल ते गाणं, म्हणेल तितका वेळ. कुणा पाहुण्याचा हात वर झाला की बंद. जेवण मांडवामागं, सगळ्यांचं उरकल्यावर.

म्हणून संस्थेत त्यानं सरळ चोरी केली. घरी बसून दीड मिनिटाचा एक तुकडा बसवला, पाठ केला, आणि दर रविवारी आत्ताच सुचल्यासारखा तोच वाजवला. बुद्धभूषण खूश. प्रीतीनं मात्र पकडलं होतं.

"आज गावासमोर पहिल्यांदा बसून राह्यलो आपण," ती आता हळू आवाजात म्हणाली. "आज तरी पाठ केलेलं नका वाजवू."

"अन् काहीच न्हाई सुचलं तं?"

"मंग नका वाजवू."

पोरीला बोलायला काय जातं, असं त्याच्या तोंडावर आलं. त्यानं क्लॅरिनेट उचललं.

पाच वाजता पडदा सरकला. पहिल्या रांगेत मधोमध प्रमुख पाहुणे सुग्रीवभाऊ. तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी रामकिसनला पाहिलं आणि तिथूनच हाक मारली.

"अरे, हा तं आपला रामकिसन बँडवाला! माझ्या वरातीत होता ना रे तू? काय नाचलो होतो, यार!"

"जी."

शब्द आपोआप निघाला. मागं प्रीतीच्या हातातली काडी ड्रमच्या कडेवर खट्‌कन वाजली.

वादन सुरू झालं. बुद्धभूषण कीबोर्डवर, प्रीती ड्रमवर. पहिला भाग बरा गेला. मग दोघंही मागं सरकले. रामकिसनची वेळ आली आणि त्यानं पाठ केलेला तुकडा काढला. बोटं पळत होती. डोकं रिकामं होतं.

तुकड्याच्या मध्यावर सुग्रीवभाऊंनी हात वर केला.

रामकिसन थांबला. नुसता थांबला नाही. क्लॅरिनेट छातीशी धरून उभा राहिला, मान खाली.

मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं.

"अरे, तुला न्हाई!" सुग्रीवभाऊ हसत दारात उभ्या माणसाकडं बोट दाखवत होते. "त्या हरिओमला बोलावलं मी. तू वाजव. मी म्हणतो ना, वाजव बिलकुल!"

क्लॅरिनेट ओठांपर्यंत गेलं. हुकमानं गेलं. मग ते हळूहळू खाली आलं आणि रामकिसन खुर्चीत बसला.

ताल थांबला नव्हता. प्रीती वाजवतच होती. बुद्धभूषण त्याच चार सुरांवर फिरत होता, मानेनं खुणावत होता. रामकिसनची वेळ रिकामी चालली होती. एक फेरा गेला. दुसरा गेला. खुर्च्या कुरकुरू लागल्या.

"रुसला वाटतं बाबा," सुग्रीवभाऊ शेजारच्याला म्हणाले.

रुसायलाही हक्क लागतो. तो रामकिसनला आजवर कुणी दिला होता?

"काका, घ्या ना जल्दी," बुद्धभूषण दातांमधून म्हणाला. "लोक बसलेत."

"बसू दे. मी पस्तीस वर्षं उभा होतो."

तिसरा फेरा सुरू झाला. पाठ केलेला तुकडा कुठं तुटला होता ते रामकिसनला आठवेना, आणि आठवत नाही याचं भयही वाटेना. समोर सुग्रीवभाऊंचा हात खुर्चीच्या दांड्यावर पडला होता. जाड, अंगठी घातलेला. आपली नजर त्या हातावरच खिळली आहे हे रामकिसनच्या ध्यानात आलं.

तो उठला. एका हातानं त्यानं खुर्ची उचलली आणि उलटी ठेवली, तोंड प्रीतीच्या ड्रमकडं. बसला. सबंध सभागृहाला आता त्याची पाठ दिसत होती, घामानं सदरा चिकटलेली.

बुद्धभूषणची बोटं क्षणभर चुकली. "काका, हे काय..."

प्रीतीनं आजोबाच्या तोंडाकडं पाहिलं. हसली नाही. तिनं काड्या खाली ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी ताल धरला, त्याला ऐकू जाईल एवढाच.

रामकिसननं श्वास घेतला. पहिला सूर फाटला. चांगलाच फाटला, मागं कुणीतरी "गेलं!" म्हणालं.

त्यानं तो सावरला नाही. तोच सूर पुन्हा लावला, तसाच, मुद्दाम फाटका. आणि त्याच्या शेजारी कुठला सूर ठेवावा याचा विचार करत थोडा वेळ थांबला.