खोटं कोण बोलणार?

पूर्णिमाला कोड्यांनी छळलं होतं. एमसीए चांगल्या मार्कांनी झालेली, संगणकाशी तिचं गूळपीठ. पण पुण्यातल्या दोन्ही मुलाखतींत संगणकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकानं विचारलं, रस्त्यातली गटाराची झाकणं गोल का असतात? ती म्हणाली, "आमच्याकडं चौकोनी असतात." तिथंच आटोपलं. दुसऱ्यानं सारखे दिसणारे चेंडू सांगितले, एक तराजू सांगितला आणि म्हणाला, यातला जड चेंडू काढा. ती म्हणाली, "हातात घेऊन बघितलं की कळंल की." साहेबांनी घड्याळात बघितलं.

मनातलं सांगायचं तर पुणं हुकल्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. तिचे वडील आकारामबुवा, घरातले आप्पा, कळंब्याच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला कीर्तन करायचे, आणि शाळेत असल्यापासून त्यांच्या डाव्या हाताला पेटी धरून पूर्णिमा बसायची. आप्पांचा आवाज देवानं दिलेला, पण सुराला लगाम नाही. कुठल्याही पट्टीत सुरू व्हायचे, आणि एकदा का डोळे भरून आले की पट्टी सोडून भलतीकडंच निघायचे. त्यांना धावत जाऊन गाठणारी पेटी अख्ख्या पंचक्रोशीत हिचीच. ही पुण्याला गेली तर बुवांनी कुणाच्या भरवशावर डोळे मिटायचे?

म्हणून शिरोली एमआयडीसीत कंप्युटरच्या कंपनीत एक जागा निघालीय हे कळलं तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली. कोल्हापुरात तिच्याजोगी नोकरी ही एवढीच. मिळाली तर घर आणि पेटी दोन्ही राहणार. हुकली तर बॅग भरायची. मैत्रीण अक्षता तिथं आधी मुलाखत देऊन, नापास होऊन आली होती. तिनं सांगितलं, "तिथला सर कोडीच घालतो बाई. दोन दारांचं तर हमखास."

मग काय, मुलाखतीच्या आदल्या दिवशी घरातच तालीम सुरू झाली.

"दोन दारं," पूर्णिमा म्हणाली, "एकाआड नोकरी, दुसऱ्याआड वाघ. दारावर दोन राखणदार. एक कायम खरं बोलतो, एक कायम खोटं. कोण कसला ते मला ठाऊक न्हाय. दोघांतल्या एकालाच एकच प्रश्न विचारायचा आणि नोकरीचं दार काढायचं."

"वाघ कुठला आणायचा?" आई, म्हणजे चिमणाबाई, पिठाचे हात झटकत म्हणाली. "परड्यात म्हस हाय."

"म्हस तर म्हस. एका दाराआड म्हस."

"मग नोकरी कशाला पायजे? म्हशीचंच दार घे की."

"आई!"

आप्पांना परड्याच्या, म्हणजे मागच्या अंगणाच्या, दारात उभं केलं, आईला सैपाकघराच्या. नोकरी म्हणून गुळाचा खडा ठरला. पूर्णिमानं सांगितलं, "आप्पा, तुम्ही खोटं बोलणारे."

आप्पांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "ते मातूर जमायचं न्हाय, पोरी. माळ हाय."

"अहो, खेळातलं खोटं."

"खेळातलं झालं तरी जीभ माझीच न्हवं?"

"द्या मला," आई पुढं सरसावली. "मी हुतो की खोटी. लगीन झाल्यापासनं ह्या घरात कधी सोयच न्हवती."

पूर्णिमानं डोळे मिटले, आईनं गूळ ठेवला. पूर्णिमाला पुस्तकातली युक्ती तोंडपाठ होती. कुणालाही विचारायचं, की शेजारच्याला विचारलं तर तो कुठलं दार दाखवेल? खरा माणूस खोट्याचं खोटं जसंच्या तसं सांगणार, खोटा खऱ्याचं खरं उलटं करून सांगणार. दोघांकडूनही चुकीचंच दार मिळतं. ते सोडायचं आणि दुसरं उघडायचं. डोळे झाकून!

"आप्पा, आईला विचारलं तर ती गूळ कुठल्या दाराआड सांगंल?"

आप्पा क्षणभर थांबले, मग शांतपणे म्हणाले, "सैपाकघराच्या."

म्हणजे गूळ परड्यात. पूर्णिमानं ऐटीत परड्याचं दार उघडलं आणि समोर रवंथ करणाऱ्या म्हशीनं तिच्याकडं बघून शेपूट हलवलं.

"आप्पा! गूळ तर सैपाकघरात हाय. आई खोटी हाय ना? मग ती परड्याचं नाव घेणार की न्हाय?"

"न्हाय बाई," आप्पा म्हणाले. "तिनं माझ्यापाशी एक खोटं बोललेलं मी ऐकलं न्हाय. ती खरंच सांगणार. मी मला वाटलं तेच सांगितलं."

"ऐकलं न्हाय म्हंजे बोलली न्हाय असं कुठं आसतंय?" आई म्हणाली, आणि खुदकन हसून गूळ स्वतःच्याच तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी शिरोलीत, फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर, पूर्णिमा हातात रुमाल दाबून बसली होती. समोर दोघं. एक प्रसेनजीत सर, शांत, चष्म्याआडून नीट बघणारे. दुसरे मालक हंबीरराव. खाली फौंड्री त्यांचीच, वर कंप्युटरही त्यांचाच, आणि आवाज दोन्हीकडं पुरेल असा.

"दोन दारं आहेत," प्रसेनजीत सरांनी सुरुवात केली, "दारावर दोन राखणदार. एक कायम खरं बोलतो..."

पूर्णिमाच्या डोळ्यांपुढं माळेला हात लावून परड्याच्या दारात उभे आप्पा आले, मागं म्हैस आली, आणि तिला हसू फुटलं. दाबलं तसं जास्तच फुटलं.

"हसाय काय झालं, बाळ?" हंबीरराव म्हणाले.

संपलं सगळं, तिला वाटलं. आता लपवून काय करायचं? "सर, हे कोडं मला येतं. काल घरी तालीम केली होती."

"पाठ हाय व्हय? मग दुसरं घाला हो सर."

"थांबा," प्रसेनजीत सर म्हणाले. "तालमीत उत्तर बरोबर आलं?"

"नाही सर. म्हैस निघाली."

आता सांगणं भागच होतं. तिनं सांगायला घेतलं आणि हळूहळू अंगात वडिलांचं वारं आलं. आप्पांचं थांबणं आप्पांसारखं, आईचा ठसका आईसारखा. हंबीररावांचा चहा गार झाला. म्हशीपाशी आल्यावर ते टेबलावर थाप मारून हसले. सर मात्र हसता हसता पुढं झुकले.

"मग चुकलं कोण? तुमचे वडील?"

सोपं होतं हो म्हणणं. पण तिच्या तोंडून ते जाईना. आप्पा तर खरंच बोलले होते. मग चुकलं कुठं?

"कोडं चुकलं, सर," ती सावकाश म्हणाली. "शेजारी खोटं बोलतो हे खऱ्याला ठाऊक आहे, असं कोड्यानं धरून चाललंय. सांगितलं कुठंच नाही. खरा माणूस भोळा असला की युक्ती फसते."

"बरं. दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत असं धरा. आता काय विचाराल?"

हे कुठल्याच पुस्तकात तिनं वाचलं नव्हतं. खालून फौंड्रीची घरघर येत होती. दुसऱ्याचं विचारायचं नाही, म्हणजे ज्याचं त्यालाच विचारायचं. पण खोटा आपलंही खोटंच सांगणार. खोट्याचं खोटं... उणे गुणिले उणे...

ती एकदम ताठ बसली. "साहेब, तुम्ही खोटं बोलाल?"

"धंदा करतोय गं बाळ मी!" हंबीरराव उठलेच.

"ह्या खोलीला दोन दारं आहेत. एक जिन्याचं, एक फायलींच्या खोलीचं. नोकरी कुठल्या दाराआड ते मनात धरा." तिनं जिन्याच्या दाराकडं बोट केलं. "नोकरी ह्या दाराआड आहे का, असं मी विचारलं असतं, तर तुम्ही 'व्हय' म्हणाला असता का?"

हंबीररावांनी वर बघितलं, खाली बघितलं, बोटं मोडली. "म्हंजे मी म्हणलो असतो... ते खोटं. पर आता ते म्हणलो असतो का ह्याचं बी खोटंच सांगायचं... थांब, घोळ घालू नगंस... व्हय!"

"मग नोकरी जिन्याच्या दाराआड."

"आयला! बराब्बर!"

"खरा सरळ सांगतो. खोट्याला दोनदा खोटं बोलायला लावलं की तो फिरून खऱ्यावरच येतो," पूर्णिमा म्हणाली. सरांनी कागदावर खरा आणि खोटा दोन्ही धरून तपासून बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"आमचं काम तपासणीचं आहे. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं काय धरून चाललंय ते हुडकायचं. पण गिऱ्हाईक परदेशातलं. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबाल ना?"

"हो" अगदी ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"थांबेन सर. एकादशी सोडून. त्या दिवशी वडिलांचं कीर्तन असतं, पेटीवर मी असते."

हंबीरराव सरांकडं बघायला लागले, सर खिडकीकडं.

"एकादशीला सकाळी लवकर याल?" सरांनी विचारलं.

"म्हणाल तेव्हा येईन, सर."

"मग सोमवारपासून या."

घरी आल्यावर आईनं तिची अलाबला घेतली. आप्पांनी देवाला हात जोडले, आणि मग डोकं खाजवत उभे राहिले.

"काय झालं आप्पा?"

"न्हाय, ते मुरगूडचं बाळासो पेटीवालं. त्यांना एकादशीला बोलवून ठिवलंय. म्हटलं, पोरीचं पाय माझ्या पेटीत अडकाय नगोत. जावं लागलं पुण्याला तर मोकळ्या मनानं जाऊ दे."

तिनं ज्यासाठी जीव टाकला होता ते आप्पांनी कधीच सोडून दिलं होतं, तिच्यासाठी. "मला का न्हाय सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"आता त्यांना नको म्हणून कळवा," आई म्हणाली.

पण एकदा बोलावलेल्या माणसाला नको म्हणणं आप्पांना कुठलं जमतंय! एकादशीला बाळासो आपली पेटी डोक्यावर घेऊन हजर. आप्पांनी एकाला डावीकडं बसवलं, एकीला उजवीकडं, आणि डोळे मिटून गजर सुरू केला. पट्टी सुटली तशा दोन्ही पेट्या त्यांच्यामागं दोन वाटांनी धावल्या. एकमेकींशी काही त्या शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. पण देवळात टाळ असा कडकडत होता की ते त्या दोघांना सोडून कुणालाच कळलं नाही.