पात्याची ठकठक

आमच्या शिडाच्या होडीला खाली एक लोखंडी पातं आहे. त्याच्यामुळे वाऱ्यात होडी बाजूला सरकत नाही. पुढच्या टोकाला जाड खिळीवर ते फिरतं आणि दोरी ओढली की केबिनच्या मधोमध बसवलेल्या उभ्या, अरुंद पेटीत वर येतं. नांगर टाकला, होडी डुलायला लागली, की ते पेटीच्या भिंतींवर आपटे.

मला त्यातलं काही ऐकू येत नसे. तीस वर्षं बॉयलरवर रिवेट ठोकून कान गेलेले. जवळून बोललेलं तेवढं कळतं. बायकोच्या मात्र तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी तिने पिशवी भरली आणि संध्याकाळी पाचच्या लाँचने बहिणीकडे जाते म्हणाली. भांडली असती तर परवडलं असतं. चार वर्षं आम्ही हा उन्हाळा होडीवर काढायचं ठरवत होतो, आतला रंगही तिनेच दिलेला. आता गेली तर पुन्हा होडीत पाऊल टाकणार नाही, हे मी ओळखून होतो.

पाचपर्यंत थांब, म्हटलं.

लाकडाची पाचर तासली आणि पेटीच्या पुढच्या फटीत ठोकली. हात ठेवून पाहिला. झालं गप्प, असं तिला सांगितलं.

"तुमच्यासाठी ते कालही गप्पच होतं," ती म्हणाली.

मग कारखान्यातली युक्ती आठवली. लाकडी उलथन्याचा दांडा दातांत घट्ट धरला आणि दुसरं टोक पेटीला टेकवलं. ठक. थेट कवटीत. मी तसाच बसून आठ-दहा ठोके ऐकले. हे तिने तीन दिवस सोसलं होतं.

उलथनं इंच इंच मागे सरकवत नेलं. पुढे आवाज बारीक होता, मागे दात हलत होते. बरोबरच आहे, खिळीपाशी पातं हलून हलणार किती? मोकळं शेपूट आपटत होतं आणि मी डोक्याला पाचर मारून बसलो होतो.

ती उपटून दुसरी पाचर तासायला घेतली, तर तिने घरच्या न्हाणीघराच्या दाराची आठवण करून दिली. ते मी बसवलेलं दार पाण्याने फुगलं होतं आणि ती तासभर आत अडकली होती. लाकूड इथेही फुगेल, मग पातं खाली जाणार कसं? थोड्या वेळाने तिनेच भरलेल्या पिशवीतून भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा बोर्ड काढून माझ्यापुढे ठेवला.

"नवा आहे," ती म्हणाली. "सरळ कापा."

दोन पट्ट्या कापल्या, कडा तासल्या. आत जाईनात. पातं वीतभर खाली सोडून दोन्ही बाजूंनी एकेक सरकवली आणि पातं परत वर ओढलं; त्यात अंगठा चेचला. मग पट्ट्याच खुळखुळताहेत, असं ती म्हणाली. त्यांना भोकं पाडून दोरी ओवली. ती पेटीला कान लावून बसली आणि मी दोरी आवळत गेलो. अजून, अजून थोडी, असं तिचं चाललं होतं. मग ती काही बोलेना.

मी उलथनं दातांत धरलं. नुसतं पाणी.

मागे वळून विचारणार, तर ती भरलेल्या पिशवीवर डोकं ठेवून झोपलेली. पाचला लाँच खिडकीसमोरून गेली. मी हलवून उठवलं नाही.

सहाला ती जागी झाली. लाँचने भोंगा दिला नाही का, तिने विचारलं. मला कुठे ऐकू येतं, मी म्हटलं. तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिशवीतून सुरी आणि दोन कांदे बाहेर काढले.

"आता हे चिरू कशावर?"