टाकी दिसते

काकांनी खिडकीची काच सकाळपासून तिसऱ्यांदा पुसली, फडका झटकला आणि पुन्हा पुसायला घेतली.

"झिजेल आता ती," रेडिओ सांभाळणारी म्हणाली. तिने एक कान हेडफोनमधून मोकळा ठेवला होता. "बसा जरा. त्या मॅडम काही तुम्हाला खाणार नाहीत."

चौकशी अधिकारी जिना चढत होत्या. धावपट्टीच्या टोकाला असलेल्या या दुमजली इमारतीत वरची खोली हवामानाची. एकतीस वर्षं काका दर तासाला इथून समोरच्या डोंगराकडे बघून नोंद करत आले होते. डोंगराच्या खांद्यावर पाण्याची पांढरी टाकी होती, इथून आठ किलोमीटरवर. नियम साधा होता. टाकी दिसली तर छोट्या विमानांनी खिंडीतून जायचं, नाही दिसली तर खाली बसून चहा प्यायचा.

औषधांची खोकी पोचवणारा वैमानिक निघण्याआधी रेडिओवर हटकून विचारायचा, "काका, टाकी आहे ना जागेवर?"

"पळून कुठे जातेय!" काका म्हणायचे. नऊ वर्षांत यातला एक शब्द बदलला नव्हता.

बारा दिवसांपूर्वीही तेवढंच बोलणं झालं. वीस मिनिटांनी त्याचं विमान टाकीच्या जरा खाली डोंगरावर आदळलं. आत तो एकटाच होता. शोधायला गेलेल्यांना ढगात स्वतःचे हात दिसत नव्हते.

तेव्हापासून नोंदवही उघडली की काकांच्या कानाशी तो आवाज येई. आहे ना जागेवर? घरी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला तरी ते दचकत. त्यांना एकदा ढसाढसा रडायचं होतं, पण रडायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

अधिकारी बाईंनी खुर्ची ओढली आणि फाईल उघडली.

"आठच्या नोंदीत 'टाकी दिसते' असं आहे. अक्षर तुमचं?"

"माझंच."

"तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"पाहिली म्हणजे काय! आत्ता तुम्ही दिसताय ना, तशी. पांढरीफेक. तिची लोखंडी शिडीसुद्धा दिसली."

रेडिओ सांभाळणारीने चटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती अधिकारी बाईंना म्हणाली, "इथली हवा बघता बघता फिरते, मॅडम. काका एकतीस वर्षं हेच काम करताहेत. एकदा चुकले नाहीत."

"मलाही तसंच वाटतंय." बाईंनी चार ओळी लिहिल्या. "नोंदीनंतर ढग अचानक खाली उतरले. तुमच्यावर काही येत नाही, काका. मनाला लावून घेऊ नका."

हे ऐकून काकांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते.

"एक मिनिट हं. बाराची नोंद करून घेतो."

ते टेबलाशी बसले. हवेचा दाब पाहिला, तापमान पाहिलं, वाऱ्याचा काटा पाहिला आणि एकेक रकाना भरत गेले. बाई पेनाला टोपण लावत उठल्या, खिडकीशी गेल्या.

"तुमचा डोंगर कुठे गेला हो? मी आले तेव्हा तर होता."

काकांनी मान वर केली. खिडकीत नुसता राखाडी ढग होता. डोंगर नाही, खिंड नाही, काही नाही. मग त्यांनी खाली पाहिलं. शेवटच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'टाकी दिसते'. शाई अजून ओली होती.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. खाली धावपट्टीवर दुसरं विमान तयार होतं. नवा वैमानिक विचारत होता, "निघू का? टाकी दिसतेय?"

रेडिओ सांभाळणारी नेहमीप्रमाणे वाचायला नोंदवहीवर वाकली. काकांनी त्या रकान्यावर तळहात दाबला.

"दिसत नाही म्हणून सांग. थांबव त्याला."

तिने खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे, आणि तसं सांगितलं. खाली इंजिन बंद झालं.

बाई फाईलची नाडी बांधत होत्या.

"मॅडम, बांधू नका," काका म्हणाले. त्यांनी हात उचलून नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. तळहातावर शाई उमटली होती, पण अक्षरं वाचता येत होती. "हे मी आत्ता लिहिलं. वर न बघता."

बाईंनी वाचलं. फाईलची नाडी पुन्हा सोडली.

"आणि ती शिडी," काका म्हणाले, "टाकीच्या पलीकडच्या बाजूला आहे. तरुणपणी एकदा चढलो होतो. इथून ती कुणालाच दिसत नाही."