वारं नव्हे, नस

सोयाबीनमधलं तण खुरपायच्या भांगलणीवरून परतताना शेवंताबाईच्या उजव्या पायातली चप्पल पुन्हा पुन्हा गळून पडू लागली. घरी पोचेपर्यंत पंजा उचलेनाच. उचगावात बोभाटा झाला, बाईच्या अंगावरनं वारं गेलं, लकवा झाला म्हणून. एकदा गावानं वारं म्हटलं की मग डॉक्टरची गरजच काय! लेकानं, सूरजनं, खिडकीला पोतं ठोकलं, पायाला तेल चोळून घोंगडं गुंडाळलं आणि आईला बंद खोलीत गादीवर बसवून टाकलं. पोरगा मायाळू, पण अगदीच भोळा.

आता जन्मभर असंच खितपत पडायचं, या विचारानं शेवंताबाई घाबरली. आणि भीती वाटली की ती ओरडायची.

"माझं त्वांड वाकडं न्हाय, हात चालतोय, जीभ कशी चालतीया त्ये तर तुला ठावंच हाय. पंजा तेवढा उचलंना, हे कसलं वारं रं? मला दवाखान्यात न्हे!"

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरणी होती. "मावशी, पाय लुळा पडला एवढ्यावर भागत नाही. बिघाड मेंदूत आहे, कण्यात आहे, नसेत आहे की स्नायूत, ते आधी ठरवायचं. प्रत्येकाचा उपाय वेगळा."

तिनं गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहिली. पंजा खाली दाबायला लावला, जोर होता. वर उचलायला सांगितला, जमेना. पावलावर टोचलेलं कळेना. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तिनं बोटानं टिचकी मारली, तशी पार पावलापर्यंत झिणझिणी गेली.

"मेंदू ठीक, कणा ठीक. इथली नस दबलीय. दिवसभर उकिडव्या बसता का?"

"मग, भांगलण काय खुर्चीत बसून करत्यात व्हय?"

डॉक्टरीण हसली. पायाला पट्टा दिला, व्यायाम दाखवला. "पाय सुधारेल. पण पुन्हा तसंच बसत राहिलात तर माझ्या हातात काही नाही."

शेवंताबाई तिथंच बाकावर बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून ती शेतमालक हंबीररावांच्या रानात हजर. तिची टोळी उकिडवी बसून खुरपत होती. तिनं झालं ते सगळं सांगितलं. मग टोळीत नवीनच आलेल्या दीक्षानं खुरपं खाली ठेवलं.

"आक्का, माझ्याबी पायाला मुंग्या येत्यात. वारं म्हणून घरात कोंडतील, म्हणून बोललो न्हाय."

"माझ्याबी," बनाबाई हळूच म्हणाली.

शेवंताबाईचं डोकं फिरलं. "उठा समद्या! हितनं फुडं मधी मधी उठायचं, पाय मोकळं करायचं, मगच बसायचं."

बांधावरून हंबीरराव गरजले, "काय चाललंय? रान कोण भांगलणार?"

"आमीच की! पर पाय शाबूत ठिवून."

ते ओरडत राहिले, आणि बाया पाय झाडत उभ्याच राहिल्या.